टाकीवरची पॉवर बँक

माझं सासर भोरला, नोकरी वेल्ह्याला आणि माहेर गुंजवण्याच्या अंगाला, राजगडाच्या पायथ्याशी एका वाडीत. या तीन ठिकाणांच्या मधल्या एसटीत बसून माझी पंचवीसेक वर्षं गेली. माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवते. आईवडील गेल्यापासून माहेर म्हणजे माझे चुलते आणि चुलती. त्यांना मी तात्या आणि काकी म्हणते. शनिवारची सकाळची शाळा सुटली की परतीच्या गाडीतून मी मार्गासनीला उतरते, तिथून वडापच्या जीपने वाडीवर जाते आणि रविवारी दुपारनंतर भोरला घरी येते. दर आठवड्याला जमत नाही, पण महिन्यातून दोनदा तरी काकीच्या हातची भाकरी पोटात जातेच.

तात्या वाडीला पाणी सोडतात. धरणाचं पाणी आलं तेव्हा वाडी वर सरकली, आणि तेव्हापासून आमच्याकडे अशी गंमत आहे की ओट्यावर बसलं की खाली धरण भरलेलं दिसतं आणि प्यायचं पाणी मात्र वरून, डोंगरातल्या झऱ्यावरून येतं. झऱ्याच्या खाली सिमेंटची टाकी आहे. टाकीतून पाइप वाडीपर्यंत उतरतो आणि वाडीच्या तोंडाशी त्याची चावी आहे. ती चावी फिरवायचं काम तात्यांचं.

ऐकायला हे सोपं वाटतं. पण टाकी पुरेशी भरलेली नसताना चावी उघडली तर सगळं पाणी खालच्या आळीत पळतं आणि वरच्या आळीतल्या बायका कोरड्या नळापाशी हंडे घेऊन उभ्या राहतात. म्हणून चावी उघडण्याआधी वर जाऊन टाकीचं झाकण उचलून बघावं लागतं. चढ पंचवीस मिनिटांचा, मुरमाचा. पावसाळ्यात आणि थंडीत टाकी ओसंडून वाहते, तेव्हा कुणी वर जात नाही. शिमगा झाला की झरा बारीक होतो. मग तात्या सकाळी वर जायचे, टाकी भरली नसेल तर खाली येऊन दोन तासांनी पुन्हा जायचे. दुपारच्या पाण्यासाठी आणखी एकदा. सत्तरी ओलांडलेला माणूस, उजवा गुडघा कुरकुरणारा. काकी रोज तेल लावायची आणि रोज बडबडायची.

त्या वर्षी आमच्या शाळेत विज्ञान शिक्षकांसाठी प्रशिक्षण झालं आणि शाळेला एक खोकं मिळालं. खोक्यात बिस्किटाएवढे इलेक्ट्रॉनिक बोर्ड होते. त्या बोर्डावर एक छोटी चिप असते. संगणकावरून तिला काय करायचं ते लिहून दिलं की ती ते करत राहते. दिवा लाव, तापमान मोज, समोरची वस्तू किती अंतरावर आहे ते सांग. सेहेचाळिसाव्या वर्षी मला त्याचं वेड लागलं. आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाचा अर्धा भाग वायरींनी व्यापला. नवरा ताट घेऊन बाहेरच्या खोलीत बसायला लागला, पण तक्रार केली नाही.

एकदा तात्यांना टाकीचं झाकण उचलून आत वाकून बघताना मी पाहिलं आणि मनात आलं, एवढंच तर काम आहे. वरून पाण्यापर्यंतचं अंतर मोजायचं.

दोन बोर्ड घेतले. ते मी माझ्याच हौसेने विकत घेतले, शाळेच्या खोक्यातले नाही. एक टाकीवर बसणार होता. त्याला अंतर मोजणारा सेन्सर आणि छोटा रेडिओ. दर पंधरा मिनिटांनी तो अंतर मोजून खाली कळवणार. दुसरा तात्यांच्या घरात. त्याला रेडिओ आणि हाताच्या दोन बोटांएवढी स्क्रीन. मोबाईलची रेंज वाडीत फक्त पारापाशी येते, म्हणून हा रेडिओ. घरातल्या बोर्डाला मोबाईलचा चार्जर चालणार होता. टाकीपाशी मात्र वीज नाही. तिथे मी पॉवर बँक ठेवायची ठरवली, प्रवासात मोबाईल चार्ज करायला आपण नेतो तीच. तिला यूएसबीचं भोक असतं, बोर्डालाही यूएसबीचीच वायर लागते, आणि संपली तर तात्यांना घरी आणून मोबाईलच्या चार्जरवर भरता येईल. कुणाला काही शिकवायला नको.

स्क्रीनवर आकडा काय दाखवायचा यावर आमचं बोलणं झालं. मी म्हटलं, टक्के दाखवते. तात्या म्हणाले, "टक्के तुमच्या शाळंत. आमच्या टाकीला आतनं लोखंडी पायऱ्या हायेत. सात. म्या वाकून बगतो ते किती पायऱ्या बुडाल्या त्येच बगतो. पाच बुडाल्या की सोडायचं."

"मग पायऱ्याच दाखवते."

"दावंल त्यो डबा?"

"दाखवेल की."

आठ-दहा दिवस मी घरी सगळं चालवून बघितलं. टेबलावर बादली, बादलीवर सेन्सर, शेजारी पॉवर बँक. दर दोन सेकंदांनी आकडा येत होता, बोर्डावरचा दिवा जळत होता, सगळं उत्तम. शेवटच्या दिवशी मी एक हुशारी केली. बॅटरी जास्त दिवस पुरावी म्हणून बोर्डाला झोपायला शिकवलं. मोजायचं, कळवायचं आणि लगेच पंधरा मिनिटं झोपायचं. झोपेत तो इतका कमी करंट घेतो की माझ्या मीटरचा काटा हललासुद्धा नाही. मला फार आनंद झाला. या हिशोबाने बॅटरी महिनोन्महिने पुरणार होती.

शिमगा झाल्यावरच्या रविवारी तात्या आणि मी वर गेलो. झाकणाच्या आतल्या बाजूला सेन्सर बसवला, बोर्ड आणि पॉवर बँक एका घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून डबा टाकीच्या सावलीतल्या बाजूला तारेने बांधला. तात्यांना दाखवलं, "हे बटण. दाबलं की हे चार दिवे लागतात. चारही लागले म्हणजे पूर्ण भरलेली." त्यांनी स्वतः एकदा दाबून बघितलं. खाली आलो तर भिंतीतल्या देवळीत ठेवलेल्या स्क्रीनवर मोठा सहा दिसत होता. काकीने पदराला हात पुसत आकडा वाचला आणि तात्यांना म्हणाली, "झालं. आता बसा घरी."

पुढचे तीन आठवडे मला वाडीवर जाता आलं नाही, दहावीचे पेपर होते. मी दोन-तीनदा फोन केला. तात्या संध्याकाळी पारापाशी येऊन बसतात ती वेळ मला माहीत होती.

"तात्या, आकडा दिसतोय का?"

"दिसतोय की."

"बदलतोय ना?"

"बदलतोय. आज पाच, काल साडेचार व्हता."

मी शिक्षकखोलीत सगळ्यांना सांगितलं. मुख्याध्यापकांनी विज्ञान प्रदर्शनात मांडायला सांगितलं. खोटं कशाला सांगू, मी आरशासमोर उभं राहून स्वतःकडे बघून हसलेसुद्धा असेन.

पेपर संपल्यावर शनिवारी मी वाडीवर पोचले. तात्या पारावर गेले होते. काकी भाकऱ्या थापत होती. मी देवळीतला आकडा बघितला, चार होता, आणि सहज म्हटलं, "काकी, आता गुडघा बरा असेल त्यांचा."

काकीने तव्यावरची भाकरी उलटली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुला सांगू नको म्हणालेत. पन सांगते. आदी दोनदा जायाचे, आता तीनदा जात्यात."

मला कळेचना. "कुठे?"

"वर. ते बटान दाबाया."

मग तिने सगळं सांगितलं. मी गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी स्क्रीनवर सहाच होता. तात्यांनी विश्वासाने चावी उघडली. टाकीत निम्मंच पाणी होतं. सहा हा आदल्या दिवशीचा आकडा होता, त्यानंतर वरून काही आलंच नव्हतं आणि स्क्रीन जुनाच आकडा धरून बसली होती. वरच्या आळीला पाणी गेलं नाही. तिथल्या एका सुनेने पारापाशी चार लोकांत तात्यांना सुनावलं, की म्हातारपणी झेपत नसेल तर सोडा काम. तात्या म्हणाले, माझीच नजर चुकली. डब्याचं नावही काढलं नाही. मग ते वर गेले, डबा उघडला, तर दिवे विझलेले. बटण दाबलं, चारही दिवे लागले. खाली आले तर आकडा बदललेला. त्यांनी समजूत करून घेतली की दर वेळी बटण दाबलं की एक आकडा येतो. आणि तेव्हापासून रोज पहाटे, सकाळी आणि दुपारी ते वर जाऊन बटण दाबत होते.

मी उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. माझे कान गरम झाले होते. वर जाऊन बटण दाबायचं म्हणजे झाकण उचलून बघितलं तरी तेवढंच काम. बटण मी फोनवर विचारेन म्हणून दाबलं जात होतं.

तात्या आले तेव्हा अंधार पडायला थोडा वेळ होता. मी विचारलं, "तात्या, मला का नाही सांगितलंत?"

त्यांनी आधी काकीकडे बघितलं, मग टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आगं, मला वाटलं त्ये तसंच आसतंय. मोटरीला न्हाई का स्टार्टर दाबाया लागत? तसं आसंल म्हनलं."

"पण तीन वेळा चढायचं?"

"चढतच व्हतो की म्या. इतकी वरसं चढतोय. त्यात एकांदी खेप जास्ती." मग म्हणाले, "तू लई हौसेनं केलंवतंस, बाय. तुझ्या शाळंत समद्यांना सांगितलंस म्हनालीस. मग कसं सांगू?"

  काकीने आतून हाक मारली, जेवायला चला म्हणून, आणि आम्ही गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं वर गेलो. काकीही आली, ती बऱ्याच वर्षांत वर आली नव्हती. डबा उघडला. कडेने मुंग्यांची रांग लागली होती. पॉवर बँकेचे दिवे विझलेले. मी बटण दाबलं. चार दिवे लागले, म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली. बोर्डावरचा बारीक दिवा एकदा लुकलुकला, म्हणजे तो जागा झाला, त्याने मोजलं, कळवलं आणि झोपला. आम्ही तिघं डब्यावर वाकून बघत राहिलो. काही वेळाने पॉवर बँकेचे दिवे एकदम विझले. मी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच. या वेळी घड्याळ बघितलं, तर अर्धं मिनिट.

"भरल्याली हाय," तात्या म्हणाले, "मग देत का न्हाई?"

 मी डबा खाली आणला. तात्यांना सांगितलं, "मी दुरुस्त करून आणेपर्यंत तुम्ही पूर्वीसारखंच करा. आणि पुढे कधी काही बिघडलं तर मला त्याच दिवशी सांगायचं. माझी शपथ आहे." त्यांनी मान हलवली.

भोरच्या बाजारपेठेत टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं एक जुनं दुकान आहे. दुकानदार माझ्याच वयाचे आहेत. दुकानात आता टीव्ही कमी आणि मिक्सर जास्त येतात. सोमवारी एसटीतून उतरून मी थेट तिथे गेले आणि डबा काउंटरवर ठेवला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग पॉवर बँक हातात घेतली आणि विचारलं, "मॅडम, ही कशासाठी बनवलेली आहे?"

"मोबाईल चार्ज करायला."

"मोबाईल पूर्ण भरला की काय होतं? तो करंट घ्यायचं थांबवतो. मग बँकेने काय करायचं? उगाच जागं राहून स्वतःची बॅटरी संपवायची का? म्हणून तिला आत शिकवलेलं असतं, की कुणी फार कमी करंट घेत असेल तर समज मोबाईल भरला, किंवा वायर काढून नेली. बंद हो. तुमचा बोर्ड झोपला की इतकं कमी खातो, की बँकेला वाटतं समोर कुणी नाहीच."

मी काउंटरला टेकून उभी राहिले. म्हणजे घरी दहा दिवस चाललं, कारण बोर्ड जागा होता आणि भरपूर करंट घेत होता. शेवटच्या दिवशी मी जी हुशारी केली, तिनेच सगळं बंद पाडलं. मी हसायला लागले. तेही हसले.

"मग काय करायचं? दुसरी बॅटरी वापरू का, नुसता सेल?"

"चालेल. पण मग सेल चार्ज करायचं सर्किट वेगळं, ते तिथल्या लोकांना जमायला पाहिजे. ही बँक बरी. हिला फक्त थोडं खायला घालत राहा." त्यांनी खणातून पांढरा, खडूच्या तुकड्यासारखा दिसणारा एक रेझिस्टर काढला. "हा जोडा. बोर्ड झोपला तरी हा करंट खात राहील. बँक बंद होणार नाही."

मी तो जोडला. एक गोष्ट आणखी केली, खरं तर ती आधीच करायला हवी होती. घरातल्या स्क्रीनवर आकड्याच्या खाली मिनिटं दाखवायला लावली. शेवटचा निरोप येऊन किती मिनिटं झाली ती. पंधराच्या आत असेल तर आकडा खरा. जास्त झाली तर समजायचं वर काहीतरी बिनसलंय. पुढच्या रविवारी डबा पुन्हा टाकीवर बांधला. तासभर थांबलो. दिवा विझला नाही.

बुधवारी सकाळी मी वेल्ह्याला बाजारातून शाळेकडे चालले होते तेव्हा तात्यांचा फोन आला. ते स्वतःहून फोन करत नाहीत, म्हणून मी रस्त्याच्या कडेला थांबून तो घेतला.

"आगं, मिंटं लईच वाढल्यात. पाचशेच्या वर गेल्यात. शपत घातलीवतीस म्हनून सांगतोय."

"वर जाऊन बघितलंत?"

"बगितलं. बटान दाबलं तर एक दिवा लुकलुक करतोय आन् जातोय."

त्या आठवड्यात मला समजलं, की कळतं तेवढं सगळं आपण वापरतोच असं नाही. रेझिस्टर सतत करंट खात होता. बँकेत किती आहे आणि तो किती खातो याचा भागाकार कुठल्याही नववीच्या मुलीने केला असता. अडीच दिवस. बरोबर अडीच दिवसच ती चालली होती.

मग शनिवारी वाडीवरून डबा घेऊन मी आणखी एकदा त्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाले, "सारखं खायला घालायला सांगितलं नव्हतं मी. अधूनमधून एक घास द्यायचा. मध्ये एक ट्रान्झिस्टर टाका, स्विचसारखा. बोर्डालाच सांगा, की दर थोड्या वेळाने उठ, सेकंदभर रेझिस्टर चालू कर आणि पुन्हा झोप. बँकेला वाटेल माणूस आहे अजून."

"किती वेळाने? किती सेकंद?"

"ते प्रत्येक बँकेचं वेगळं असतं. बघावं लागेल."

तो रविवार आम्ही दोघांनी, म्हणजे मी आणि नवऱ्याने, स्वयंपाकघरात घालवला. तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून सेकंद मोजत होता, मी बोर्डाला नवा आकडा लिहून देत होते. अर्ध्या सेकंदाचा घास बँकेला समजतच नव्हता, ती बंद पडायची. एक सेकंदाचा समजायचा. दर अठ्ठावीस सेकंदांनी दिला तर कधी चालायची, कधी नाही. पंचवीसला चालली, पण दुपारी एकदा बंद पडली. मी वीस सेकंदांवर आणलं आणि घास सव्वा सेकंदाचा केला. मग ती बँक तशीच तांदळाच्या डब्याशेजारी ठेवून दिली. नवरा रोज सकाळी चहा ठेवताना बघायचा आणि मला अंथरुणातच सांगायचा, "चालू आहे." सोमवार, मंगळवार, बुधवार. अडीच दिवस उलटून गेले तेव्हा मी त्याला सुट्टी नसतानाही शिरा करून दिला. शनिवारपर्यंत चारपैकी तीन दिवे जळत होते. तीन आठवडे तरी सहज जातील असा अंदाज आला. महिनोन्महिने नव्हे, पण तीन आठवडे पुष्कळ झाले.

मी तशीच आणखी एक पॉवर बँक घेतली, म्हणजे एक वर आणि एक घरी भरलेली. काकीने जुन्या लुगड्याच्या काठाच्या दोन पिशव्या शिवल्या, एक हिरवी आणि एक लाल. भरलेली हिरवीत, संपलेली लालमध्ये. हे तिने स्वतःच ठरवलं. दर दुसऱ्या रविवारी तात्यांनी हिरवी पिशवी घेऊन वर जायचं आणि लाल घेऊन खाली यायचं. झऱ्याच्या तोंडाची जाळी साफ करायला त्यांना तसंही पंधरा दिवसांनी एकदा जावंच लागतं.

तिसऱ्यांदा डबा बांधला तेव्हा मी खरं तर घाबरले होते. तात्या मात्र निवांत होते. तारेला पीळ देता देता म्हणाले, "झोपतोय म्हन की ह्यो. आन् मदी मदी ऱ्हातोय जागा."

"हो. दर वीस सेकंदांनी उठून सांगतो, मी आहे म्हणून."

"आन् तेवड्यावर ती बँक ऐकती?"

"ऐकते."

"बरं हाय," ते म्हणाले आणि तारेचं टोक आत वळवून टाकलं, कुणाच्या हाताला लागू नये म्हणून.

त्या उन्हाळ्यात डबा एकदाही बंद पडला नाही. एकदा सेन्सरवर कोळ्याने जाळं विणलं आणि आकडा सातवर अडकला. पण ऐन मे महिन्यात सात पायऱ्या भरणं शक्य नाही हे तात्यांना माहीत होतं. ते वर जाऊन बोटाने जाळं काढून आले आणि मला संध्याकाळी फोनवर हसत हसत सांगितलं. मी वाडीवर गेले की आधी पावलं देवळीकडे वळायची. मिनिटं नऊ, अकरा, चार, अशी. ती वाचून मला जे बरं वाटायचं ते कुठल्याही प्रदर्शनातल्या बक्षिसाने वाटलं नसतं. प्रदर्शनात मी ते मांडलं, पण बक्षीस शेणापासून कुंड्या बनवणाऱ्या शाळेला मिळालं, आणि त्या कुंड्या खरंच चांगल्या होत्या.

तात्यांना सुनावणाऱ्या त्या सुनेला काकीने एकदा घरी बोलावून स्क्रीन दाखवली. मी तिथेच होते. ती म्हणाली, "तात्या, मग त्या दिशी ह्यो डबा चुकला व्हता व्हय? आन् तुमी म्हनला माझी नजर चुकली!" तात्या म्हणाले, "आता जाऊ दे की." मग ती म्हणाली, "मला बी दावा कसं बगायचं ते." तात्यांनी तिला पायऱ्यांचा आकडा आणि मिनिटं समजावून सांगितली, अगदी मी वर्गात समजावते तशी, दोनदा.

पावसाळ्यात आम्ही डबा काढून घरी ठेवला. पुढच्या शिमग्यानंतर पुन्हा बांधला. त्याच चैत्रात काकीच्या माहेरी, आंबवड्याला, तिच्या भावाच्या नातवाचं जावळ होतं. काकी मला फोनवर म्हणाली, "उन्हाळ्यात आमी दोगं मिळून कदी कुठं ऱ्हायलोच न्हाई बग. एक गेलं की एक घरी. पान्यापायी." मी म्हटलं, या वेळी दोघं जा. ती म्हणाली, "हे न्हाई यायचे." पण तात्या तयार झाले. चावीचं काम आणि स्क्रीन वरच्या आळीतल्या त्या सुनेकडे देऊन, हिरवी पिशवी आदल्याच दिवशी वर लावून, ते दोघं सकाळच्या गाडीने निघाले.

चार दिवस ते आंबवड्यात राहिले. पहिल्या दिवशी त्या सुनेचा दोनदा फोन आला. दुसऱ्या दिवशी एकदा. तिसऱ्या दिवशी आलाच नाही, तेव्हा तात्यांनीच तिला फोन केला, तर ती म्हणाली, "सोडलं की पानी सकाळीच. तुमी जेवा निवांत." हे मला काकीने सांगितलं. तात्या म्हणे त्यानंतर देवळाच्या सावलीत जाऊन दुपारभर झोपले, जावळाच्या जेवणाला उठवावं लागलं.

परत जाताना ते भोरला माझ्याकडे उतरले. मी शाळेतून रजा काढली होती. जेवणं झाली, काकी माहेरच्या एकेका माणसाचं सांगत होती, कोण जाड झालं, कुणाच्या घरावर स्लॅब पडला. संध्याकाळच्या गाडीने वाडीवर जायचं ठरलं होतं. चार वाजता मी पिशव्या भरायला घेतल्या तर तात्या म्हणाले, "आजच जाया पायजे का?"

काकीने त्यांच्याकडे असं बघितलं की जणू दुसराच कुणी बोलला. मग मला म्हणाली, "ऱ्हाऊ का गं आजच्या दिवस?"

मी म्हटलं, "दोन दिवस राहा."

ती लगेच उठून वेणी घालायला बसली. तात्यांची चप्पल चढउतारात झिजून गेली होती, नवी घ्यायची होती, आणि काकीला बांगड्या भरायच्या होत्या. दोघं बाजारपेठेत जायला निघाले. मी दारात उभी राहून त्यांना रस्ता सांगितला, चौकातून उजवीकडे वळा म्हणून, आणि मग रात्रीसाठी वांगी चिरायला आत गेले.